छप्पर नंतर कोणी नीट केलं?

माझा दादा शिलाई मशीन दुरुस्त करतो. आमच्या भागात त्याला नावाने कोणी ओळखत नाही, सगळे 'चौकशीमास्तर' म्हणतात. मशीन घेऊन आलेल्या माणसाला तो मशीनबद्दल कमी आणि बाकीचंच जास्त विचारतो. मशीन घरात कुठे ठेवता? शिवताना बसता कसे? अजून कोण हात लावतं? लोक वैतागतात. पण एका बाईच्या मशीनचा धागा सारखा तुटायचा, तीन मेकॅनिकांनी हात टेकले होते, तेव्हा दादानेच विचारून विचारून शोधून काढलं की मशीन खिडकीशी आहे आणि धाग्याचं रीळ दिवसभर उन्हात तापून कुजतंय. मशीनला त्याने हातही लावला नाही. "खिडकीला पडदा लावा," म्हणाला.

मी त्याची धाकटी बहीण. दुकानांच्या पाट्या रंगवते. आमचे आबा कारखान्यात लेथवर पस्तीस वर्षं उभे राहिलेले. घरात देवाचा विषय कधी निघालाच तर आबांचं एकच वाक्य असायचं, "तो असेल तर असो. त्याने माझ्या कामात बोट घालू नये, मी त्याच्या घालत नाही." लेथवर बोट घालण्याचा अर्थ आम्हाला चांगला ठाऊक होता, त्यामुळे विषय तिथेच संपायचा.

वहिनी मात्र ख्रिस्ती घरातली. बालवाडीत शिकवते. गोष्ट वाचून दाखवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. रडकं पोरसुद्धा तोंड उघडं टाकून ऐकत बसतं. दर रविवारी दादा तिला स्कूटरवरून चर्चला सोडायचा आणि बाहेरच्या कठड्यावर पेपर वाचत बसायचा. परत येताना चौकशी सुरू. आज किती माणसं होती? पेटी कोण वाजवत होतं, तिचा एक सूर उतरलाय. पाळक एवढा वेळ कशावर बोलत होते?

"एकदा आत या ना, स्वतःच बघा," वहिनी म्हणायची.

"आत गेलं की हात वर करून प्रश्न विचारता येत नाहीत. इथे बरं आहे."

बारा वर्षं हे असंच चाललं होतं. दोघांचं कधी त्यावरून वाजलं नाही.

मग एका मंगळवारी दादाला पायाखालचं पेडल लागेनासं झालं. पाय हलत होता, पण तळव्याला काही कळत नव्हतं. दुसऱ्या कोणी घाबरून डॉक्टर गाठला असता. आमच्या दादाला ते मजेशीर वाटलं. त्याने मशीनची सुई घेतली, अंगठ्यापासून टोचत टोचत वर गेला, आणि जिथे टोचलेलं कळायला लागलं तिथे पेनाने रेघ मारली. शेजारी वार आणि वेळ. संध्याकाळी पुन्हा टोचलं, पुन्हा रेघ. बुधवारी रेघ नडगीवर होती. गुरुवारी सकाळी तो अंघोळ करून पंचा गुंडाळून बाहेर आला आणि वहिनीने ओरडून चहाचा कप खाली टाकला. दोन्ही पायांवर रेघाच रेघा, सगळ्यात वरची मांडीवर.

"हे काय करून घेतलंत?"

"मी काही केलं नाही. मी फक्त मोजतोय," दादा म्हणाला, आणि खुर्चीत बसायला गेला तो जमिनीवरच बसला.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी त्या रेघा वाचल्या तेव्हा त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही, पण त्या म्हणाल्या, "इतकी व्यवस्थित माहिती मला कुठल्या पेशंटने दिली नव्हती. हे वर चढतंय, आणि वेगाने." शरीराच्या पहारेकऱ्यांचा गोंधळ झालाय, त्यांनी सांगितलं, चोर सोडून ते घरच्याच तारा कुरतडायला लागलेत. मेंदूकडून हातापायांकडे जाणाऱ्या ज्या तारा असतात ना, त्यांच्यावरचं आवरण.

दादाचे डोळे चमकले. "म्हणजे तार शाबूत, वरचं आवरण गेलंय?"

"आशा तरी तशी आहे."

"आवरण परत येतं?"

"येतं. हळूहळू येतं. कोणाचं किती येतं ते आधी सांगता येत नाही."

"का सांगता येत नाही?"

"कारण आम्हाला माहीत नाही," बाई म्हणाल्या. दादाला त्या तेव्हाच आवडल्या. शनिवारी दुपारपर्यंत त्याच्या छातीचे स्नायू थकले आणि त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं. औषध चालू होतं, पण ते लागू व्हायला वेळ होता. आता दादाचं काहीच हलत नव्हतं. हात नाही, पाय नाही, ओठ नाहीत, गळ्यात नळी. फक्त पापण्या. आणि आत तो पूर्ण जागा होता, हे सगळ्यात वाईट.

माझ्या हातात त्या वेळी एकच विद्या होती. मी एका पुठ्ठ्यावर अक्षरं रंगवली. पाच ओळी, क पासून ज्ञ पर्यंत, ठळक काळी. आपण ओळीवर बोट ठेवायचं, बरोबर ओळ आली की तो पापणी मिटणार, मग अक्षरांवरून बोट न्यायचं. काना-मात्रा मी गाळल्या होत्या. म्हटलं, आजारी माणूस वेलांट्या कुठे शोधत बसणार? अंदाजाने समजून घेऊ.

पहिल्या दिवशी आबा त्याचे पाय चोळत होते. आबांचे हात म्हणजे लोखंडी पकड. मी पुठ्ठा धरला. दादाने शब्द दिला: ब, ल.

आबांचे हात थांबले. "बैल? मला बैल म्हणतोय हा?"

दादाच्या पापण्या फडफडायला लागल्या. मी घाईघाईने पुन्हा विचारलं. पुन्हा ब, ल. शेवटी वहिनी पुढे झाली, म्हणाली, "बोल? मी बोलू?" आणि पापणी मिटली. त्याला आवाज हवा होता. यंत्राची धाप आणि टिकटिक ऐकून तो कंटाळला होता. त्याच दिवशी मी पुठ्ठ्याला सहावी ओळ जोडली, काना, मात्रा, वेलांटी, सगळं. आबा मात्र पुढे दोन आठवडे ज्याला त्याला सांगत होते, "पोरगा पहिला शब्द काय बोलला माहितीये? बापाला बैल म्हणाला."

वहिनीला आधी सुचेना काय बोलावं. बालवाडीतल्या गमती संपल्या, शेजारपाजारच्या संपल्या. मग तिने पिशवीतून स्वतःचं जुनं पुस्तक काढलं, जे ती दर रविवारी नेत असे, आणि त्यातल्या येशूच्या गोष्टी वाचायला लागली. मी खिडकीशी उभी होते. मला वाटलं, आता हा पापण्या आपटून नको म्हणेल. पण नाही. वहिनीचं वाचणं ते! भर दुपारी त्या पांढऱ्या खोलीत समुद्र आला, होडी आली, माणसं आली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने लुळ्या माणसाची गोष्ट वाचली. एक माणूस, अंग हलत नाही. चौघांनी त्याला खाटेसकट उचलून येशूकडे आणला. पण घरात गर्दी इतकी की दारातून शिरायला जागा नाही. तर हे चौघे छपरावर चढले, छप्पर उसकटलं आणि खाट वरून खाली सोडली. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, आणि शेवटी तो माणूस आपली खाट उचलून चालत घरी गेला.

वाचून झाल्यावर वहिनी थांबली. तिने पुस्तक मिटून छातीशी धरलं. आम्हाला वाटलं, दादाही हलला असेल आतून. मी पुठ्ठा धरला. तो बराच वेळ अक्षरं देत राहिला, मी एकेक लिहून घेतलं. वाक्य झालं:

"छप्पर नंतर कोणी नीट केलं?"

वहिनी डोळे पुसता पुसता हसायला लागली. आबा म्हणाले, "बरोबर विचारतोय. घरमालकाचा काय गुन्हा?"

रविवारी पाळक भेटायला आले. उंच, वाकलेले, कानात यंत्र असलेले गृहस्थ. पाळक होण्याआधी पोस्टात होते. वहिनीने तो प्रश्न त्यांना सांगितला. त्यांना आधी नीट ऐकू आलं नाही म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, मग दादाच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले.

"एकतीस वर्षं मी या गोष्टीवर बोलतोय," ते म्हणाले. "छपराचं एकानेही विचारलं नाही. मीही नाही. लिहिलेलं नाही बाबा. मला माहीत नाही."

दादाने पापणी मिटली. मला माहीत होतं, 'माहीत नाही' म्हणणारी माणसं त्याच्या लेखी वरच्या वर्गात बसतात.

पण सगळेच तसे नव्हते. त्याच आठवड्यात चर्चमधले एक वजनदार गृहस्थ आले. कोणी आजारी पडलं की ते जातातच. त्यांनी दादाच्या पायाशी उभं राहून मोठ्याने प्रार्थना केली, आणि मग वहिनीला बाजूला घेऊन, म्हणजे दादाला स्पष्ट ऐकू येईल एवढ्या अंतरावर, म्हणाले, "घरात अविश्वास असला की अशा वाटा उघडतात, ताई. बारा वर्षं माणूस दाराबाहेर बसून राहिला. याचा विचार करा. आणि तुमचाही विश्वास आता खरा असेल तरच—"

वहिनी बालवाडीची बाई आहे. तिचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. तो तेव्हाही चढला नाही. ती म्हणाली, "काका, तुमची टोपी खुर्चीवर राहिलीय. ती घ्या आणि निघा."

"मी तुमच्या भल्याचं—"

"टोपी घ्या."

ते गेले. आबा दारापर्यंत सोडायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "सूनबाई, आज तू माझी लेक शोभलीस." पण वहिनी ऐकत नव्हती. ते वाक्य कुसळासारखं आत शिरलं होतं. दुसऱ्या दिवशी ती वाचायला बसली, पान उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि पुस्तक मिटलं.

"मला नाही जमत," ती दादाला म्हणाली. मी तिथेच होते. बाहेर जावं की थांबावं कळेना. "अहो, मी तुम्हाला खोटं वाचून दाखवतेय. गेले कितीतरी दिवस मी प्रार्थना करते म्हणजे नुसते ओठ हलवते. आत काहीच नाही. लहानपणापासून वाटायचं की कोणीतरी ऐकतंय. आता भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. त्या माणसाला मी हाकललं खरं, पण तो बरोबर असेल तर? माझ्यामुळेच तुम्ही..."

दादा एकटक बघत होता. मी पुठ्ठा धरला. त्याने अक्षरं दिली: वाच.

"विश्वास नसताना?"

त्याने पुन्हा दिली. या वेळी वाक्य मोठं होतं, घामाघूम होऊन मी ते पुरं केलं. "मलाही नाही. पण पुढे काय झालं ते कळू दे."

वहिनीने नाक पुसलं, पान शोधलं आणि वाचायला लागली. अशी ती गंमत होती. जिचा विश्वास होता तिचा उडालेला, ज्याचा कधी नव्हता त्याला पुढचं ऐकायचं होतं, म्हणून ती वाचत होती. त्यानंतर रोज वाचन झालं. अधूनमधून ती थांबून म्हणायची, "हे मला पटत नाही," आणि दादा पापणी मिटायचा, म्हणजे 'मलाही' किंवा 'चालू दे', जे काय असेल ते.

वहिनी रडली त्या दिवशी नंतर काय झालं ते मला दादाने कितीतरी महिन्यांनी सांगितलं. आम्ही दोघी खाली चहाला गेलो होतो. आबा घरी. तो एकटा पडून होता. त्याला वहिनीचा तो चेहरा डोळ्यांपुढून हलेना. आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थना केली. त्याच्याच शब्दांत सांगते: "मी म्हटलं, तू आहेस की नाहीस मला माहीत नाही. असलास तर हिचं बघ. माझं नंतर. ती लहानपणापासून तुझ्याकडे येतेय आणि आता तिला वाटतंय की तिथे कोणी नाही. हे काही बरोबर नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. आवाज नाही, उजेड नाही. पण मी एकटा नव्हतो. कसं सांगू तुला? तू पाठमोरी बसून पाटी रंगवत असतेस, मी दुकानात येतो, बोलत नाही, तरी तुला कळतं ना कोणीतरी आलंय? तसं. आणि ते कोणीतरी माझ्यावर रागावलेलं नव्हतं."

दादा तो दादा. त्याने ते लगेच मान्य केलं नाही. त्याला शंका आली की औषधाचा परिणाम असेल. बोलायला लागल्यावर त्याने डॉक्टरीणबाईंना तारीख सांगून विचारलं की त्या दुपारी कुठलं औषध बदललं होतं का, प्राणवायू कमीजास्त केला होता का. बाईंनी कागद काढून पाहिले. काही बदललं नव्हतं. "याचा अर्थ काही सिद्ध होतं असं नाही," दादा मला म्हणाला. "पण सिद्ध होत नाही म्हणून टाकून द्यावं इतकं ते हलकंही नव्हतं."

पाचव्या आठवड्यात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा हलला. आबांनी आधी पाहिलं. ते रोज सकाळी नऊ ते अकरा त्याचं एकेक बोट हलवत असत, व्यायामाच्या बाईंनी शिकवलं होतं तसं, लेथवरचा माल मोजावा तसे मोजून. अंगठा हलल्यावर ते ओरडले नाहीत. त्यांनी तो अंगठा दोन्ही मुठींत धरला आणि बराच वेळ तसेच बसले. मला म्हणाले, "डोळ्यात तेल गेलं."

यंत्र हळूहळू सुटलं. गळ्यातल्या नळीला झडप बसवली तेव्हा दादाला घोगरं घोगरं बोलता यायला लागलं. पाळक दर रविवारी येतच होते. त्या रविवारी ते आल्या आल्या म्हणाले, "छपराचं अजून कळलं नाही. पण तुझ्यामुळे ती गोष्ट मी पुन्हा वाचली, आणि मला दुसरंच दिसलं. येशूने विश्वास पाहिला, तो कोणाचा? खाटेवरच्याचा असं म्हटलेलं नाही, लिहिलंय ते एवढंच: त्यांचा. आणणाऱ्यांचा त्यात असणारच. खाटेवरच्याचा होता की नव्हता, कोण जाणे."

दादाने विचारलं, "म्हणजे माझा नसला तरी चालतं?"

"नेहमी चालतं का, ते मला सांगता येणार नाही. तिथे चाललं."

दादा आमच्याकडे एकेक करून बघायला लागला. वहिनी, आबा, मी. मग त्याला हसू आलं, आणि हसताना खोकला आला, सिस्टर धावत आल्या. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "पाळकबाबा, माझी पंचाईत बघा. माझी खाट धरलीय ती कोणी? आबा मानत नाहीत. या धाकटीला कधी प्रश्नच पडला नाही. आणि जिच्यावर भरवसा होता तिचा उडालाय. माझ्या कोपऱ्यांना एकही विश्वासू माणूस नाही!"

वहिनीचा चेहरा लाल झाला. पाळकांना हे माहीत नव्हतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मला भीती वाटली की आता उपदेश येणार. ते म्हणाले, "तरी खाट खाली ठेवली नाही ना कोणी? मग मी सध्या त्यालाच विश्वास म्हणेन. शब्द चुकला असेल तर नंतर दुरुस्त करू."

"आणि चौथा कोपरा?" दादाने विचारलं. "आम्ही मोजून तीनच."

"चौथं ते यंत्र," आबा म्हणाले. "पाच आठवडे एकदाही सुट्टी घेतली नाही त्याने."

पाळक जाताना वहिनी त्यांच्याबरोबर जिन्यापर्यंत गेली. तिथे ती खूप रडली, असं तिने नंतर सांगितलं. त्यांनी तिला धीर वगैरे दिला नाही. फक्त सांगितलं की त्यांची बायको गेली तेव्हा दीड वर्ष ते स्वतः चर्चमध्ये उभे राहून असेच ओठ हलवत होते, आणि पोस्टात परत जाता येईल का याची चौकशीही करून आले होते. "मग काय झालं?" तिने विचारलं. "जागा भरली गेली होती," ते म्हणाले.

दादा चौथ्या महिन्यात घरी आला. आधी चाकांच्या खुर्चीत, मग वॉकर धरून, मग नुसत्या काठीवर. आबांनी दिवाणखान्यात भिंतीला लोखंडी नळी ठोकली होती, तिला धरून तो या टोकापासून त्या टोकाला जायचा. पाय आले, बरेचसे. उजवा हात आला. डाव्या हाताची दोन बोटं मात्र अर्धीच आली. सुईत दोरा आता त्याला ओवता येत नाही. शेजारचं कोणीतरी ओवून देतं. ते त्याला लागलं. एकदा मी त्याला ती दोन बोटं टेबलावर ठेवून त्यांच्याकडे रागाने बघत बसलेलं पाहिलंय. त्यावर कुठलीच गोष्ट लागू पडत नव्हती, आणि त्याने तशी लावलीही नाही.

रविवारी तो आता आत बसत होता, शेवटच्या बाकावर. एका दुपारी जेवताना त्याने सांगितलं की तो बाप्तिस्मा घेणार आहे.

आबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "औषध दिलं डॉक्टरांनी. पाय चोळले मी. पुठ्ठा रंगवला हिने. आणि श्रेय कोणाला?"

"आबा, श्रेय तुमचंच. बरं केलं म्हणून आभार मानायला मी जात नाहीये."

"मग कशाला?"

दादा घास हातात धरून बसला. "मी बरा झालो नसतो तरी गेलो असतो, असं मला वाटतं. म्हणजे खुर्चीतून. माझं काहीच चालत नव्हतं ना, तेव्हा तिथे कोणीतरी होतं. ते कोण होतं हे मला नीट जाणून घ्यायचंय. आणि ते दाराबाहेर कठड्यावर बसून कळणार नाही, एवढं मला कळलंय."

"आणि फसवणूक निघाली तर? मनाचे खेळ?"

"तर तुम्हाला येऊन सांगेन. पहिलं तुम्हाला."

दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी त्यांनी वहिनीला विचारलं, "ते पाण्यात बुडवतात म्हणे. किती खोल असतं?"

"कंबरेएवढं, आबा. तीन पायऱ्या उतरून."

"पायऱ्या निसरड्या असतील." ते चूळ भरून आले. "मी येणार. माझी एवढ्या महिन्यांची मेहनत आहे त्या पायांवर."

तर अशा तऱ्हेने आमचे आबा, ज्यांनी देवाच्या कामात कधी बोट घातलं नाही, ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चर्चमधल्या हौदात उतरले. पँट अर्थातच कंबरेपर्यंत भिजली. एका बाजूला पाळक, एका बाजूला ते, मधे दादा. पाळकांनी विचारलं, "विश्वास ठेवतोस का?"

दादा म्हणाला, "ठेवतो. सगळा नाही आलाय अजून. प्रश्न विचारत राहायची परवानगी असेल तर ठेवतो."

मागून कोणीतरी हसलं. पाळकांच्या कानातलं यंत्र भिजू नये म्हणून काढून ठेवलेलं, त्यांना ऐकूच आलं नसावं. पण त्यांनी दादाच्या तोंडाकडे नीट पाहिलं होतं. "परवानगी आहे," ते मोठ्याने म्हणाले, आणि दोघांनी मिळून त्याला पाण्याखाली नेलं आणि वर काढलं.

आबा निथळत बाहेर आले. टॉवेल घेता घेता त्यांनी पाळकांना विचारलं, "मीही भिजलोय. आता माझं काय झालं?"

वहिनीने पाळकांच्या कानाशी जाऊन प्रश्न पुन्हा सांगितला. पाळक म्हणाले, "तुम्ही नुसते भिजलात. काळजी करू नका."

"मग ठीक," आबा म्हणाले. ते त्यानंतर चर्चमध्ये गेले नाहीत. पाळक मात्र दर बुधवारी त्यांच्याशी बुद्धिबळ खेळायला घरी येतात आणि बहुतेक हरतात.

वहिनीला मी एकदा सरळच विचारलं होतं, तिचं परत आलं का म्हणून. ती म्हणाली, "आधीचं नाही आलं. आधी मला सगळं माहीत होतं. आता सकाळी उठून म्हणते, मी आलेय, बघ. कधी वाटतं ऐकलं, कधी नाही. पण मी जाते." आणि मग तिने मला तिच्या वर्गाच्या दारावर ससा रंगवून द्यायला सांगितलं.

गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंचा दादाला फोन आला. तोच आजार, एक बाई, बस चालवते, यंत्रावर आहे. घरचे हवालदिल आहेत. जरा येऊन भेटाल का? मी त्याला गाडीतून घेऊन गेले. दाराबाहेर त्या बाईंचा नवरा उभा होता, हातात तिच्या चपला धरून. त्याने दादाची काठी पाहिली, त्याचे पाय पाहिले आणि एकदम विचारलं, "तुम्ही बरे कसे झालात? काय केलंत? सांगा, आम्हीही करतो."

मला वाटलं, आता दादा सगळं सांगेल. त्याच्याकडे सांगण्यासारखं होतं. पण त्याने त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. "सांगेन. आज नाही. तुम्ही काही चुकला नाहीत, एवढं आधी ऐका. आणि त्याही चुकल्या नाहीत."

त्या माणसाने चपला बाकाखाली ठेवल्या आणि दार उघडून धरलं.

आत बाई पडून होत्या, डोळे छताकडे. दादा काठी टेकत पलंगाजवळ गेला आणि त्यांना दिसेल असा वाकला. नमस्कार नाही, नाव नाही, धीर नाही. त्याने विचारलं, "नाक खाजतंय का?"

बाईंचे डोळे गर्रकन त्याच्याकडे वळले आणि पाण्याने भरले.

"मला माहितीये," दादा म्हणाला. "कोणाच्या लक्षातच येत नाही. माझं एकदा तीन तास खाजत होतं, आणि समोर सगळे माझ्यासाठी रडत होते." त्याने उजवा हात पुढे केला. "इथे? नाही? वर? अजून वर?"

बाईंनी डोळे घट्ट मिटले. दादाने सावकाश खाजवलं, आणि मग त्यांना विचारायला लागला की बस कुठल्या रस्त्याची होती.